जुनी व्हॅन कधी सुरू होते, कधी होत नाही: दोष शोधावा कसा?

कापड, तयार कपडे, चपला, बेकरीचा माल अशा वस्तूंची ने-आण करणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंपैकी पुष्कळांकडे जुनी व्हॅन असते. त्यातही मारुती ओम्नीचा भरणा मोठा. ही गाडी १९८४ साली मारुती व्हॅन या नावाने बाजारात आली. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आणि तेही पुढच्या सीटखाली, अशी तिची रचना. २०१९ मध्ये तिचे उत्पादन बंद झाले. म्हणजे आज रस्त्यावर दिसणारी प्रत्येक ओम्नी जुनीच म्हणावी लागेल. नव्या गाडीचे हप्ते सर्वांनाच झेपत नाहीत, आणि ज्यांना व्याजाच्या भानगडीत पडायचे नाही ते तर जुन्या गाडीलाच जपून वापरतात. त्यात गैर काही नाही. जुनी गाडी नीट ठेवली तर चांगली सेवा देते.

परंतु जुन्या गाडीची एक तक्रार अशी आहे की तिच्यापुढे चांगले चांगले मिस्त्री हात टेकतात. गाडी दहा वेळा एका चावीत सुरू होते आणि अकराव्या वेळी होत नाही. थोड्या वेळाने पुन्हा होते. आमच्या मते पूर्ण बंद पडलेल्या गाडीपेक्षा अशी गाडी व्यापाऱ्याचे जास्त नुकसान करते. बंद पडलेली गाडी टोचन करून गॅरेजला जाते, आपण त्या दिवशी भाड्याचा टेम्पो करतो आणि प्रश्न मिटतो. अधूनमधून रुसणारी गाडी मात्र पहाटे घरातून नीट निघते, आपल्याला भरवसा देते आणि माल भरलेला असताना नेमकी दुसऱ्या गावच्या बाजारात अडकवते. आठवडी बाजारातली जागा पहाटे पोचणाऱ्याला मिळते. ईदच्या आधीचे आठ दिवस म्हणजे कपड्याच्या धंद्यात वर्षाची कमाई. अशा वेळी दोन तास गेले तर ते नंतर भरून निघत नाहीत, आणि ज्या दुकानदाराला आपण वेळ दिलेली असते त्याच्याकडचा आपला शब्द जातो तो वेगळाच.

दुसरी अडचण अशी की गाडी गॅरेजात नेली की ती लगेच सुरू होते! मिस्त्री म्हणतो, "सेठ, गाडी तर ठणठणीत आहे." आपण आग्रह केला की तो अंदाजाने बॅटरी बदलायला सांगतो. पंधरा दिवसांनी तक्रार पुन्हा येते, मग सेल्फ बदलतो. पुन्हा तक्रार आली की अल्टरनेटर. यात मिस्त्रीची बेइमानी असतेच असे नाही. जो दोष समोर नाही तो कोणालाही दिसत नाही, आणि गिऱ्हाईक काहीतरी करा म्हणून मागे लागलेले असते. तेव्हा अशा दोषाची तपासणी तो दोष हजर असतानाच करावी आणि ती करण्याची तयारी गाडीच्या मालकानेच ठेवावी, हे या लेखाचे मुख्य सांगणे आहे. कारण दोष उगवतो तेव्हा गाडीजवळ मिस्त्री नसतो, आपण असतो.

आधी वही, मग पाना

कापडाच्या धंद्यातल्या माणसाला ही गोष्ट लवकर समजेल. ताग्यात दोष निघाला की आपण नुसता कापणीदाराला दोष देत नाही. घडीच्या टेबलावर ताग्याचा दोष कसा पडला आहे ते पाहतो. उभी रेघ सलग चालली असेल तर ती ताण्याची किंवा फणीची. आडवा पट्टा असेल तर बाण्याचा. आणि दोष ठराविक अंतरावर पुन्हा पुन्हा येत असेल तर मागाचा एखादा फिरणारा भाग बिघडलेला आहे. दोष कुठे आणि कसा पडतो यावरूनच त्याचे मूळ कळते. गाडीचेही असेच आहे.

म्हणून एक छोटी वही गाडीत ठेवावी. गाडी रुसली की तारीख, वेळ आणि पुढील गोष्टी लिहाव्यात. इंजिन थंड होते की गरम? गाडी किती वेळ उभी होती? पाऊस, धुके होते का, किंवा गाडी नुकतीच धुतली होती का? आदल्या दिवशी गाडी उभीच होती का? चावी फिरवल्यावर काय आवाज आला? दिवे मंद झाले की तसेच राहिले? आणि शेवटी कशाने सुरू झाली, म्हणजे धक्क्याने, वाट पाहिल्याने की चावी पुन्हा पुन्हा फिरवल्याने? चालवणारा नोकर असेल तर त्यालाही हे लिहायला लावावे. त्याला लिहिता येत नसेल तर त्याने फोनवर आवाज भरून ठेवावा, तेवढे आता प्रत्येकाला येते.

पाच-सात नोंदी झाल्या की बहुधा चित्र दिसू लागते. फक्त सकाळी, आणि तेही सुट्टीनंतरच्या सकाळी त्रास असेल तर बॅटरीतून वीज कुठेतरी गळत आहे किंवा बॅटरीच थकली आहे. फक्त गरम असताना, दहा मिनिटे ते अर्धा तास उभी राहिल्यावर त्रास असेल तर तो उष्णतेने वाढणारा दोष आहे. फक्त पावसात असेल तर ओलावा कुठे शिरतो ते पाहावे. आणि ज्यात कोणतेच धोरण दिसत नाही, खड्ड्यातून गेल्यावर किंवा चावी हलवल्यावर जो सुधारतो, तो दोष सैल जोडणीचा असण्याचा संभव फार.

सेल्फ फिरतो की नाही?

लोक सरसकट "गाडी स्टार्ट होत नाही" म्हणतात. त्यात दोन वेगळे आजार आहेत. एकात चावी फिरवली तरी सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर, इंजिनला फिरवतच नाही किंवा रेंगाळत फिरवते. दुसऱ्यात सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन पकडत नाही. पहिला आजार बॅटरी, तारा, चावीचा स्विच आणि सेल्फ यांचा. दुसरा ठिणगीचा किंवा पेट्रोलचा. या दोहोंचा एकमेकांशी संबंध क्वचितच येतो. जो सेल्फ जोमाने फिरवतो त्याची बॅटरी बदलणे म्हणजे डोके दुखते म्हणून पायाला पट्टी बांधणे.

पहिल्या आजाराबद्दल आम्ही जास्त लिहिणार आहोत, कारण मधूनमधून येणाऱ्या तक्रारींत त्याचाच वाटा मोठा असतो, आणि त्याची तपासणी काही शे रुपयांच्या साध्या मल्टिमीटरने होते. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा, लाल काडी बॅटरीच्या अधिक टोकाला, काळी उणे टोकाला. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण भरलेली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे जवळपास निम्मी, आणि १२ म्हणजे पाव. इंजिन चालू असताना तोच आकडा साधारण १३.८ ते १४.४ दिसला पाहिजे. तेवढा दिसला तर अल्टरनेटर आपले काम करतो आहे आणि त्याला हात लावण्याचे कारण नाही.

आता खरी परीक्षा. दुसऱ्याला चावी फिरवायला सांगून मीटरकडे पाहावे. सेल्फ फिरत असताना चांगल्या बॅटरीचा आकडा १० च्या वर राहतो. भरलेली बॅटरी जर ९.६ च्याही खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे किंवा सेल्फ अतोनात करंट ओढतो आहे. टकटकटक असा भरभर आवाज येतो, दिवे विझू लागतात आणि आकडा कोसळतो, तेव्हा बॅटरी उतरलेली आहे किंवा तिच्या टोकाशी जोडणी खराब आहे. याउलट एकच टक् असा आवाज आला, दिवे तेजस्वी राहिले आणि आकडा १२ च्या वरच राहिला, तर बॅटरीचा दोष नाही. सेल्फपर्यंत करंट गेलेलाच नाही, मग बॅटरी दमणार कशाला? आणि काहीच आवाज नाही, आकडाही हलत नाही, तर चावीच्या स्विचपासून सेल्फवरच्या सॉलेनॉइडपर्यंतची बारीक तार तपासावी.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. पुष्कळ लोक म्हणतात, "हेडलाइट तर लख्ख लागतो, मग तार खराब कशी?" याचे उत्तर हिशेबात आहे. दिव्याला चार-पाच अँपिअर पुरतात. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना सुमारे १०० अँपिअर किंवा त्याहून जास्त घेतो. एखाद्या गंजलेल्या जोडणीत ०.०२ ओहम इतका क्षुल्लक अडथळा असला तर दिव्याचे नुकसान व्होल्टच्या दहाव्या भागाइतके, ते डोळ्याला दिसत नाही. पण १०० अँपिअरला त्याच जोडणीत २ व्होल्ट खर्च होतात आणि सेल्फच्या वाट्याला उरते ते अपुरे पडते. अरुंद बोळातून एकटा माणूस आरामात जातो, वरात अडकते, तसा हा प्रकार आहे.

म्हणून जाड तारांची तपासणी सेल्फ फिरत असतानाच करावी लागते, गाडी बंद असताना केलेली तपासणी फसवी. मीटरची एक काडी बॅटरीच्या अधिक टोकाच्या शिशाला लावावी, तारेच्या क्लिपला नव्हे, आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टला. चावी फिरवताना आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. त्यानंतर एक काडी उणे टोकाच्या शिशाला आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला. येथे ०.२ ते ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. जास्त दिसले तर त्या मार्गात कुठेतरी अडथळा आहे.

हा दुसरा मार्ग, ज्याला मिस्त्री अर्थिंग म्हणतात, तो आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित. अधिक टोकाकडे सर्वांचे लक्ष असते, पण जेवढा करंट जातो तेवढाच परत यावा लागतो आणि तो इंजिन व बॉडी यांना जोडणाऱ्या पट्टीतून येतो. ती पट्टी गाडीच्या खाली असते, तिच्यावर चिखल उडतो, समुद्रकाठच्या गावांत खारी हवा लागते आणि तिचे धागे एकेक करून तुटतात. बॉडीला रंग मारताना कारागीर तिच्या बोल्टखालीही रंग मारून ठेवतो, मग ती जोडणी नावालाच राहते. डेंटिंग-पेंटिंग करून आणल्यापासून त्रास सुरू झाला, असे कोणी सांगितले तर प्रथम हेच पाहावे.

जोडण्या साफ करताना उणे तार आधी सोडावी आणि शेवटी लावावी. टोकावरची पांढरी-हिरवी पूड खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्याने जाते, मात्र ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. मग कोरडे करून, धातू चमकेपर्यंत घासून, घट्ट आवळावे आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा. क्लिप हाताने फिरत असेल तर ती सैल आहे, मग ती कितीही चकचकीत असो.

एका व्यापारी बंधूंची गाडी

आमच्या परिचयातील एक बंधू तयार कपडे घेऊन आठवडी बाजार करतात. त्यांची इंजेक्शनची पेट्रोल व्हॅन एका वर्षापासून त्रास देत होती. नवी बॅटरी झाली, सेल्फ बदलून झाला, तरी तक्रार कायम. गाडी फुंकून टाकावी, म्हणजे मिळेल त्या भावात विकावी, अशा विचारात ते आमच्याकडे मशवऱ्यासाठी आले. आम्ही मेकॅनिक नव्हे, पण तीस वर्षांहून अधिक काळ जुन्या गाड्यांवर माल नेला आहे, त्यामुळे त्यांना आधी वही धरायला लावली.

तीन आठवड्यांत अकरा नोंदी झाल्या. सकाळची एकही नाही. सर्व नोंदी गरम इंजिनच्या, माल उतरवून दहा ते तीस मिनिटांत पुन्हा निघतानाच्या. प्रत्येक वेळी एकच मंद टक्, दिवे लख्ख, आणि अर्ध्या तासाने गाडी काही झालेच नाही अशी सुरू. ही वही वाचताच बॅटरीचा विचार सोडून द्यायचा होता. मग त्यांच्या ओळखीच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावून दोन तारा सॉलेनॉइडच्या लहान टोकापासून आणि इंजिनच्या धातूपासून सीटजवळ आणून ठेवल्या, म्हणजे रस्त्यात गाडी रुसली की लगेच तिथे मीटर लावता येईल. लहान टोकाच्या तारेला फ्यूज घालून घेतला. खर्च जवळपास काही नाही.

चौथ्या दिवशी बाजारात गाडी रुसली. चावी फिरवून धरली असता बॅटरीवर १२.४ व्होल्ट होते आणि सॉलेनॉइडच्या लहान टोकावर फक्त ८.१! वाटेत चार व्होल्टहून अधिक हरवत होते. पुढे गॅरेजात त्याच पद्धतीने मागे मागे जात तपासले, तेव्हा त्यातले पावणेतीन व्होल्ट चावीच्या स्विचमध्येच जळत होते आणि उरलेले स्विचखालच्या प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये. स्विच उघडला तर आतले पितळ काळे पडलेले.

आता हे गरम असतानाच का व्हावे? सॉलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेचे वेटोळे. तांबे गरम झाले की त्याचा अडथळा दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. सीटखालच्या बंदिस्त जागेत, गाडी उभी केल्यावर, हवा खेळत नसल्याने सेल्फ आणखी तापतो. पन्नास अंशांच्या वाढीने अडथळा पाचव्या हिश्श्याने वाढतो. आधीच कमी दाबाने येणारी वीज, त्यात हा वाढलेला अडथळा. थंड असताना ती कशीबशी पुरत होती, गरम असताना पुरेनाशी झाली. नवा सेल्फ बसवूनही फरक पडला नाही याचे कारणही हेच.

इलाज साधा होता. स्विचचा आतला भाग नवा, कनेक्टर साफ आणि सॉलेनॉइडसाठी एक रिले. रिले लावल्यावर चावीच्या स्विचमधून अगदी थोडा करंट जातो आणि सॉलेनॉइडला बॅटरीकडून जाड तारेने, फ्यूजमधून, थेट वीज मिळते. त्या दिवसानंतर लहान टोकावर ११.६ व्होल्ट मिळू लागले. या सर्वाचा खर्च नव्या बॅटरीच्या किमतीच्या एका लहान हिश्श्यात बसला.

आकडा पूर्ण येत असून टक् वाजते आणि सेल्फ फिरत नाही, असेही होते. तेव्हा सॉलेनॉइडच्या आतले तांब्याचे जाड संपर्क जळालेले असतात किंवा सेल्फचे कार्बन झिजलेले असतात. सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने हलके ठोकल्यावर तो फिरला तर कार्बनचा संशय पक्का समजावा. ही युक्ती घरी पोचण्यापुरती आहे. तिच्यावर महिनाभर गाडी चालवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांचा सेल्फ एके दिवशी कायमचा बसतो. आणि सेल्फ नुसताच घूं करून फिरतो, इंजिन जागचे हलत नाही, तर बेंडिक्स किंवा फ्लायव्हीलचे दाते पाहावेत.

सुट्टीनंतरची सकाळ

जुम्म्याला दुकान बंद ठेवणाऱ्यांची गाडी शनिवारी सकाळी रुसते, अशीही तक्रार येते. येथे सेल्फचा दोष नसून बंद गाडीत बॅटरी रिकामी होत असते. मीटर अँपिअरवर ठेवून बॅटरीचे उणे टोक आणि सोडलेली उणे तार यांच्या मध्ये जोडावा. चावी काढलेली, दारे बंद, दिवे बंद. साध्या जुन्या व्हॅनमध्ये हा आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत असावा. तेवढ्याने दिवसाला १.२ अँपिअर-अवर जातात, ते काही नाही. पण मागच्या दाराचा ५ वॅटचा एक दिवा जळत राहिला तर दिवसाला जवळपास १० अँपिअर-अवर जातात, आणि ३५ अँपिअर-अवरची बॅटरी दोन दिवसांत अर्ध्याहून अधिक उतरते. आकडा जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा पडतो, गळती त्या वाटेवर. बाहेरून बसवलेला टेप, मोबाइलचा चार्जर आणि चोरीचा अलार्म यांच्यावर आधी संशय घ्यावा. मीटर मध्ये असताना चावी मात्र फिरवू नये, मीटर जळेल.

सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही

कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत गरम इंजिन थोडे थांबल्यावर पेट्रोल उकळून आत उतरते आणि ओव्हरफ्लो होतो. पेट्रोलचा उग्र वास येतो. अशा वेळी चोक ओढू नये. एक्सलेटर पूर्ण दाबून धरावा, पंपासारखा मारू नये, आणि सेल्फ द्यावा. वास अजिबात येत नसेल तर पेट्रोल वर पोचत नाही, मग फिल्टर, पंपाचा पडदा आणि उन्हाळ्यात पाइपात झालेली वाफ यांकडे वळावे. पावसाळ्यातला त्रास बहुधा डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात किंवा प्लगच्या तारांत सापडतो. झाकण आतून कोरडे पुसून त्यावर केसासारखी काळी रेघ दिसते का ते पाहावे. तीच ठिणगीची चोरवाट. पॉइंटची गाडी असेल तर पॉइंट आणि कंडेन्सर एकत्र बदलावेत. कॉइल गरम झाल्यावर मरते आणि थंड झाल्यावर जिवंत होते, म्हणून गाडी रुसलेली असतानाच ठिणगी तपासावी.

इंजेक्शनच्या गाडीत चावी ऑन करताच टाकीकडून पंपाचा दोनेक सेकंद घूं असा आवाज येतो. तो रोज ऐकण्याची सवय करावी. ज्या दिवशी गाडी सुरू होत नाही त्या दिवशी आवाज आला नाही, तर पंपाचा रिले, फ्यूज, तार आणि पंप, या क्रमाने पाहावे. इंजिनचा पिवळा दिवा चावी ऑन केल्यावर लागलाच नाही तर इंजिनच्या संगणकालाच वीज पोचत नाही. आवाज आणि दिवा दोन्ही ठीक, सेल्फ जोमदार, तरीही गरम असताना गाडी पकडत नसेल तर क्रँकचा सेन्सर तपासण्यासारखा आहे. हे काम मात्र स्कॅनर असलेल्या माणसाकडे न्यावे.

जिवाची काळजी

बॅटरीतून निघणारा हायड्रोजन वायू ठिणगीने पेटतो, म्हणून जवळ बिडी-सिगारेट नको आणि हातात धातूचे घड्याळ नको. सेल्फची दोन टोके स्क्रूड्रायव्हरने जोडून गाडी सुरू करण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. आमचा तिला सक्त विरोध आहे. गाडी गिअरमध्ये राहिलेली असली तर ती समोरच्यावर चढते. तपासणीच्या वेळी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि गाडीपुढे कोणी नाही, याची खात्री करावी. गॅसवर चालणाऱ्या व्हॅनमध्ये गॅसचा वास आला तर चावीच फिरवू नये. वाल्व बंद करून, दारे उघडून, माणसे बाहेर काढावीत. धक्का मारून सुरू करणे हा कार्ब्युरेटरच्या गाडीला चालणारा उपाय आहे. इंजेक्शनच्या गाडीत त्याची सवय लावू नये, न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची नासाडी करते.

विकण्याचा विचार करणाऱ्यांसाठी

वर सांगितलेले बंधू गाडी विकायला निघाले होते. अधूनमधून येणारा दोष गिऱ्हाइकाला दाखवावा लागत नाही, ट्रायलला गाडी सुरू होते, असा सल्ला त्यांना एका दलालाने दिला होता. आमच्या शरीयतमध्ये मालाचा दोष लपवून विकणे हराम आहे, आणि ओले धान्य खाली व कोरडे वर ठेवणाऱ्याला रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांनी कसे फटकारले ही हदीस व्यापाऱ्यांना ठाऊक असते. तेव्हा दोष सांगून विकायची तर भाव पडतो आणि न सांगता विकता येत नाही. अशा स्थितीत आधी दोष शोधून घेणे हाच हिशेबाचाही मार्ग. दोषाचे नाव कळले की गाडीची खरी किंमत कळते. चावीचा स्विच गेलेली गाडी आणि इंजिन गेलेली गाडी यांच्या भावात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि दोष नुसता "कधी कधी सुरू होत नाही" असा सांगितला तर घेणारा दुसराच भाव देतो. ज्यांच्या गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षे होत आली आहेत त्यांनी नूतनीकरणाचा खर्चही याच वेळी मांडून पाहावा.

दुरुस्तीनंतर वही बंद करण्याची घाई करू नये. अधूनमधून येणारा दोष गेला की नुसता दडला, हे एका दिवसात कळत नाही. त्या बंधूंची गाडी तीन आठवड्यांत अकरा वेळा रुसत होती, म्हणून दुरुस्तीनंतर तीन आठवडे एकही नोंद झाली नाही याला अर्थ होता. जी गाडी महिन्यातून एकदाच रुसते तिचे तीन आठवडे काहीच सिद्ध करत नाहीत. तिला किमान तीन-चार महिने पाहावे, आणि तोवर ईदच्या मालाची फेरी असेल तर ओळखीच्या टेम्पोवाल्याला आदल्या दिवशी सांगून ठेवावे.